युरेल पास: एका जुन्या पासवालीचं मत

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या रेल्वेगाड्यांतून फिरायचा एकच पास, पैसे वाचवायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. पॅरिस, बार्सिलोना, रोम अशी मोठी शहरं वेगवान गाड्यांनी पटापट उरकायची असतील तरीही घेऊ नका. पण ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, दक्षिण जर्मनी अशा भागात रमतगमत फिरायचं असेल, मनात येईल तिथे उतरायचं असेल आणि समोरच्या सीटवर आता कोण येऊन बसतंय याची जरा तरी उत्सुकता असेल, तर जरूर घ्या. दुसऱ्या वर्गाचा.

मी डोंबिवलीची. फोर्टातल्या ऑफिसात जाण्यायेण्यासाठी निम्मं आयुष्य पास काढला. महिन्याचा काढावा की तीन महिन्यांचा, मे महिन्यात रजा आहे तर आधीचा कधी संपायला हवा, हा हिशोब आमच्या लेडीज डब्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी तोंडपाठ. त्यामुळे पास म्हटलं की माझं डोकं आपोआप आकडेमोड करायला लागतं. निवृत्तीनंतर सॅक पाठीला लावून एकटी युरोपला निघते म्हटल्यावर मुलगा म्हणाला, आई, टूरने जा ना, सगळं आयतं मिळेल. टूरने पूर्वी गेले होते मी. व्यवस्था चोख होती, तक्रारीला जागाच नव्हती. पण टूरभर बोलले ती माणसं ठाण्याची, सदाशिव पेठेची आणि नाशिकची. चांगली होती सगळी, पण ती मला इथेही भेटली असती.

तर पासविषयी. युरेल पास १९५९ पासून आहे आणि तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ साली इंटररेल निघाला, सुरुवातीला फक्त २१ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. आता दोन्ही पास जवळपास सारखेच आहेत आणि दोन्ही ३३ देशांत चालतात. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं इंटररेल घेतात, आपण भारतातून जाणारे युरेल. या सगळ्या देशांत चालणाऱ्या ग्लोबल पासमध्ये दोन तऱ्हा. एक सलग, म्हणजे १५ दिवस, २२ दिवस, एक महिना ते तीन महिने, रोज हवं तितकं फिरा. दुसरी सुट्या दिवसांची: महिन्यात कोणतेही ४, ५ किंवा ७ दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५. १२ ते २७ वयाला यूथ पास बराच स्वस्त पडतो आणि साठी ओलांडलेल्यांना १० टक्के सूट. आपल्याकडे ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे ते १० टक्के बघूनसुद्धा मला भरून आलं.

मी महिन्यात ७ दिवसांचा घेतला. दुसरा वर्ग, ज्येष्ठ सवलतीसह साधारण साडेतीनशे युरो. म्हणजे प्रवासाचा एक दिवस पडला पन्नासला. हा पन्नासचा आकडा मनात पक्का ठेवा, पुढे लागेल.

पास कागदाचा नाही, फोनमध्ये असतो. रेल प्लॅनर नावाचं अ‍ॅप आहे. त्यात पास चढवायचा, ज्या दिवशी प्रवास असेल तो दिवस लावायचा, कोणती गाडी धरणार ती नोंदवायची, की एक क्यूआर कोड तयार होतो. टीसी आला की तो दाखवायचा, सोबत पासपोर्ट. दिवस म्हणजे मध्यरात्री बारा ते पुढच्या मध्यरात्री बारा. रात्रीच्या गाडीला निघालात तर फक्त निघायचा दिवस मोजला जातो, मात्र वाटेत बारानंतर गाडी बदलायची नाही. नियम सोपे आहेत आणि अ‍ॅप नेटशिवायही वेळापत्रक दाखवतं, मात्र तीन दिवसांतून एकदा तरी ते नेटला जोडावं लागतं. माझ्या वयाच्या बायकांनी अ‍ॅपला घाबरू नये, लोकलच्या तिकिटाचं यूटीएस अ‍ॅप ज्यांना जमलं त्यांना हे सहज जमेल. फोनची बॅटरी तेवढी सांभाळा. पॉवर बँक सॅकच्या वरच्या कप्प्यात हवी, तळाशी नको.

गाडी नोंदवायची ती चढण्याआधी, एवढं पाळा. ऑस्ट्रिया-जर्मनीत स्टेशनवर आत शिरताना फाटक नसतं, कुणी अडवत नाही, आणि म्हणून आपल्याला वाटतं चालून जाईल. टीसी येतोच.

आता पासचं खरं दुखणं. पास हातात आहे म्हणजे गाडीत जागा आहे असं नाही. फ्रान्समधल्या वेगवान टीजीव्ही गाड्यांना पासवाल्यांनाही आरक्षण सक्तीचं, १० ते २० युरो वेगळे. युरोस्टारला ३० च्या वर. इटलीच्या वेगवान फ्रेच्चारोसालाही आरक्षण लागतं, स्पेनच्या वेगवान गाड्यांनाही. शिवाय फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागांचा कोटा ठरलेला, तो संपला की संपला. म्हणजे आधी पासचे पैसे द्या, मग आरक्षणाचे द्या, आणि तेही आठवडे आधी ठरवून करा. मग "वाटेल तेव्हा, वाटेल तिथे" राहिलं कुठे? एवढं आधी ठरवायचंच असेल तर सरळ तिकीट काढावं, बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

हे वाचूनच मी नकाशातली पश्चिम बाजू खोडली. भाची म्युनिकला नोकरीला, तिच्याकडे उतरायचं. तिथून साल्झबर्गवरून व्हिएन्ना, मग ल्युब्लियाना, ब्लेड, स्लोव्हेनियाची सीमा पायी ओलांडून इटली, व्हेरोना, मिलान, आल्प्स चढून झुरिक आणि परत म्युनिक. या सगळ्या वाटेवर एकाही गाडीला आरक्षण सक्तीचं नाही. मी निवडलेल्या गाड्यांना तरी नव्हतं.

व्हिसावाल्यांना मात्र हे "वाटेल तिथे" अजिबात पटत नाही. शेंगेन व्हिसाचे ९० युरो, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि कोणत्या रात्री कुठे झोपणार याचा पुरावा. मोकळेपणासाठी पास घ्यायचा आणि त्याच मोकळेपणाने फिरण्यासाठी रोजचा मुक्काम आधी लिहून द्यायचा. मी रद्द करता येतील अशी बुकिंगं केली, आणि पुढे त्यातली बरीचशी तशीच ठेवली, कारण साठीनंतर रात्री आठ वाजता पलंग शोधत फिरण्याची हौस राहत नाही. मोकळेपणा मला दिवसा पुरतो.

म्युनिक ते व्हिएन्ना प्रवास सुरेख, रेलजेट गाडी सुरेख, आणि माणूस एकही भेटला नाही. सगळे लॅपटॉपमध्ये. त्यातून मी बसले होते तो शांततेचा डबा निघाला, तिथे फोनवर बोललं तरी लोक मान वर करून बघतात. सीटच्या वर छोटा पडदा असतो, त्यावर ती सीट कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते येतं. पासवाल्यांनी कोरा पडदा बघून बसावं. कोऱ्या पडद्याखाली बसूनही मधल्या स्टेशनवर कुणी उठवलं तर उठावं, वाद घालू नये.

मजा सुरू झाली ती व्हिएन्ना-ल्युब्लियाना गाडीत. सहा तासांच्या आसपासचा प्रवास, जुन्या धाटणीचे डबे, सहा जणांची कंपार्टमेंट. असा डबा दिसला तर मोकळा हॉल सोडून त्यात शिरा. दार ओढून आत येणारा माणूस आधी विचारतो, इथे कुणी आहे का, आणि ते विचारताना तुमच्याकडे बघावंच लागतं त्याला. बोलणं तिथूनच सुरू होतं.

माझ्या कंपार्टमेंटमध्ये आलेले आजोबा ऑस्ट्रियन रेल्वेतून निवृत्त झालेले. ग्लॉग्निट्स स्टेशन गेलं तसे ते खिडकीला नाक लावून बसले, आणि मलाही त्यांनी खूण करून त्या बाजूला बोलावलं. पुढे झेमरिंगचा घाट. ४१ किलोमीटरचा मार्ग, १६ पूल, १८५४ साली पुरा झाला, आता जागतिक वारसा. बांधणारा इंजिनिअर कार्ल फॉन गेगा. आजोबांचं इंग्रजी मोडकं, माझं जर्मन शून्य, पण दोन रेल्वेवाल्यांना (मी प्रवासी असले तरी स्वतःला रेल्वेवालीच समजते) तेवढं पुरतं. त्यांनी सांगितलं, युरो यायच्या आधी ऑस्ट्रियाच्या २० शिलिंगच्या नोटेवर हा गेगा आणि झेमरिंगचा पूल होता. मी त्यांना फोनवर आमचा बोरघाट दाखवला. तो सुरू झाला १८६३ ला, म्हणजे झेमरिंगनंतर नऊच वर्षांनी. मंकी हिलचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा करून करून बघितला. कर्जतला गाडी ढकलायला मागून बँकर इंजिनं लागतात हे ऐकून तर ते एकदम खूश झाले, किती लागतात, का लागतात, चढ किती, प्रश्नावर प्रश्न. खाली आता २७ किलोमीटरचा बोगदा बांधतायत, तो झाला की वेगवान गाड्या घाट चढणारच नाहीत, असं म्हणून त्यांनी हात झटकला. म्युर्त्सझुशलागला उतरले. फलाटावरून त्यांनी हात केला नाही. इंजिनाकडे बघत उभे होते.

ल्युब्लियानात मी मुद्दाम त्सेलित्सा नावाच्या हॉस्टेलात राहिले. हा पूर्वीचा लष्करी तुरुंग, २००३ मध्ये हॉस्टेल झाला. २० कोठड्या, प्रत्येक वेगवेगळ्या कलाकाराने सजवलेली, दारांचे गज मात्र तसेच. मुलाला फोटो पाठवला, "आई आत आहे" असं लिहून. बाकी हॉस्टेलांचं थोडक्यात: बायकांची वेगळी डॉर्मिटरी मागा, कुलूप स्वतःचं न्या, टॉवेलचे बहुधा वेगळे पैसे पडतात, खालचा पलंग हवा असेल तर ईमेल करून वय सांगा, लोक ऐकतात. इटलीतल्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आठ पलंगांना मिळून एकच प्लग होता. रात्री त्या प्लगाभोवती बसूनच दोन कोरियन मुलींशी आणि एका पोर्तुगीज नर्सशी ओळख झाली, त्यामुळे तारे कापणार नाही.

आता या प्रवासातला सगळ्यात चांगला भाग, आणि गंमत म्हणजे त्यासाठी मी पास वापरलाच नाही. ब्लेडच्या तळ्याजवळच्या ब्लेड येझेरो स्टेशनवरून नोव्हा गोरित्सापर्यंत जाणारी डिझेल पॅसेंजर. हा बोहिन्य मार्ग, १९०६ चा. तिकीट इतकं स्वस्त की त्यावर पासचा पन्नास युरोंचा दिवस घालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. गाडीवर बाहेरून रंगाचे फवारे मारून चित्रं काढलेली, आत साध्या सीटा, गर्दी बेताची. बोहिन्यस्का बिस्त्रित्सानंतर सहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. बाहेर पडल्यावर पाण्याचा रंग बदलतो. पुढे सोचा नदी येते, तिचा हिरवा रंग फोटोत खोटा वाटतो म्हणून मी फोटो दाखवणं सोडून दिलंय.

लोकलमध्ये क्रोशा करायची सवय मला अजून आहे. हाताला काम नसेल तर मी खिडकीबाहेरही नीट बघत नाही. त्या गाडीत मी टेबलाच्या रुमालाची कड घालत होते. समोर एक आजी, पायाशी कापडी पिशवी. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मग उठून शेजारी आल्या, रुमालाची कड दोन बोटांत धरली, उलटी करून मागची बाजू बघितली. माझी सासू असंच करायची, पुढून सगळ्यांचंच चांगलं दिसतं म्हणायची. आजींनी मान हलवली, म्हणजे पास केलं. मग पिशवीतून त्यांनी स्वतःचं काम काढलं. लाकडी टिपऱ्यांसारख्या छोट्या कांड्या, प्रत्येकीवर दोरा गुंडाळलेला, आणि गोल उशीवर टाचण्या टोचून चाललेली लेस. तिकडे ही कला घरोघर असे, इद्रिया गावात तर तिची शाळा १८७६ पासून चालू आहे आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी फक्त त्यांचे हात बघितले. दोन कांड्या डावीकडून उजवीकडे, एक पीळ, टाचणी, पुन्हा. गाडी हलत होती आणि एकही दोरा सुटला नाही. मला करून बघायला दिलं. माझ्या हातात गुंता झाल्यावर त्यांनी न बोलता दोन पीळ मागे जाऊन सोडवला आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवला.

मोस्त ना सोची या स्टेशनवर त्या उतरल्या. आमच्यात एकही वाक्य पुरं झालं नसेल. त्यांनी मला बोटभर लेसचा तुकडा दिला, मी रुमाल अर्धवटच तोडून कसा देणार, म्हणून सुताची नवी गुंडी दिली. गुंडीवरच्या कागदावर देवनागरीत दुकानाचं नाव होतं, ते बघून त्यांना कोण आनंद झाला.

याच मार्गावर शेवटी सोलकानचा पूल लागतो, दगडी कमान ८५ मीटरची, रेल्वेच्या दगडी कमानींत जगात सर्वांत लांब. डोकं बाहेर काढल्याशिवाय गाडीतून तो धड दिसत नाही, आणि डोकं काढू नका. नोव्हा गोरित्साच्या स्टेशनसमोर चौक आहे, त्याच्या मधोमध देशाची सीमा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये रेषा आखली तेव्हा जुनं गाव गोरित्सिया इटलीत गेलं आणि स्टेशन युगोस्लाव्हियात. मग स्टेशनच्या बाजूला नवं गाव वसवलं. चौकातलं कुंपण २००४ मध्ये काढलं. आता तिथे जमिनीवर एक गोल नक्षी आहे, एक पाय स्लोव्हेनियात आणि एक इटलीत ठेवून लोक फोटो काढतात. मीही काढला. फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते आठवून जरा वेळ तिथल्या बाकावर बसले. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

इटलीतल्या साध्या गाड्या, ज्यांना ते रेजिओनाले म्हणतात, त्यांनाही तिकीटच काढा, पासचा दिवस वाया घालवू नका. भाडं कमी, आरक्षण नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड. व्हेरोनाहून मिलानला जाताना अशाच गाडीत समोर पगडीवाला तरुण बसला. थोडा वेळ गेला आणि म्हणाला, "आंटीजी, आप गुजरात से?" तिकडे फिरायला आलेलं माणूस भारतीय दिसलं की गुजरातीच असणार असा त्याचा अनुभव. मुंबईजवळची म्हटल्यावर जरा उजळला, चुलतभाऊ पनवेलला ट्रक चालवतो म्हणाला. हा स्वतः ब्रेशियाच्या बाजूला गोठ्यात कामाला. पो नदीच्या खोऱ्यात, क्रेमोना, ब्रेशिया, मांतुआकडे दुभत्या जनावरांच्या कामावर हजारो पंजाबी माणसं आहेत. आपण ज्याला मोठ्या कौतुकाने इटालियन चीज म्हणतो त्या ग्राना पादानोच्या दुधाला या माणसांचे हात लागलेले असतात. पहाटे अंधारात उठायचं, पहिली धार, मग साफसफाई, दुपारी पुन्हा धार. मी विचारलं, गावाकडे म्हशी की गाई? तो म्हणाला, म्हशी, आणि प्रत्येकीला नाव असायचं. इथे कानात नंबर असतो. मग त्याने एकदम आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. माऊली पंजाबीत बोलत होती, मी हिंदीत, दोघींनी मिळून त्याचं लग्न कधी यावर बरीच चर्चा केली. तो खिडकीबाहेर बघत बसला.

फ्रेच्चारोसाने हेच अंतर कितीतरी लवकर कापलं असतं. तो त्या गाडीत नसता.

मिलान ते झुरिक हा पासचा दिवस, आणि इथे पास सोन्यासारखा वसूल होतो. पहाटे मिलानहून तिरानो, तिरानोहून बेर्निना मार्गाने सेंट मॉरिट्झ, तिथून अल्बुला मार्गाने कूर आणि मग झुरिक. सगळं पासवर. लोक बेर्निना एक्सप्रेस नावाच्या मोठ्या काचांच्या गाडीत बसायला जातात, तिला आरक्षणाचे वेगळे पैसे. त्याच रुळांवरून दर तासाला साधी लोकल जाते, तिला काही नको. काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात, काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही. तिरानो ४२९ मीटरवर, बेर्निना ओस्पित्सिओ २२५३ वर, आणि एवढी चढण दातेरी रुळाशिवाय, १९१० पासून. तिरानोत गाडी रस्त्याच्या मधून, चर्चच्या दारावरून जाते. ब्रूसियोला पूल स्वतःभोवतीच गोल वळसा घेतो आणि आपल्याच गाडीची शेपटी दिसते.

त्या लोकलमध्ये भेटली एक स्विस बाई, वयाने माझ्याहून मोठी, एकटी, हातात काठ्या. आल्प ग्र्यूमला उतरून डोंगर चालत खाली जाणार होती. तिने माझी सॅक एका हाताने उचलून बघितली, मान हलवली आणि बोटांनी मोजून दाखवलं की यातलं अर्धं काढ. तिची पिशवी माझ्या ऑफिसच्या डब्याच्या पिशवीएवढी. सल्ला बरोबर होता: दोन जोड कपडे, एक गरम, एक पावसाळी, औषधं, पॉवर बँक. बाकीचं मी म्युनिकला भाचीच्या गळ्यात मारलं.

आता हिशोब. पन्नासचा आकडा आठवतोय ना? ज्या दिवशी खिडकीवरचं भाडं पन्नासच्या वर जातं त्याच दिवशी पास लावा. स्वित्झर्लंडमध्ये लांबचा कोणताही दिवस सहज त्यावर जातो. म्युनिक-व्हिएन्ना, व्हिएन्ना-ल्युब्लियाना, मिलान-झुरिक, झुरिक-म्युनिक हे माझे पासचे दिवस, उरलेले स्वित्झर्लंडात भटकण्यात घालवले. स्लोव्हेनिया आणि इटलीला तिकिटं. महिनाभर आधी ठरवून ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची तिकिटं काढली असती तर पासपेक्षा स्वस्तात झालं असतं, हे प्रामाणिकपणे सांगते. मग जास्तीचे पैसे कशाचे? झेमरिंगला पाऊस लागला तर पुढच्या गाडीने जाऊ, हे म्हणता येण्याचे. माझ्या मते ते योग्य आहेत. सुट्टी मोजून असलेल्या नोकरदारांना कदाचित वाटणार नाहीत.

पासात काय नाही तेही बघा. शहरातली मेट्रो, ट्राम, बस यांना चालत नाही. रेल्वे चालवते त्या एस-बानला, म्हणजे तिकडच्या लोकलला, चालतो, पण विमानतळावरून घरी यायला पासचा दिवस जाळू नका. इंटरलाकेनच्या पुढे जुंगफ्राउयोखच्या बर्फात जायला पास पुरत नाही, फक्त सवलत मिळते, आणि सवलतीनंतरचं भाडंही धक्का देणारं. काही गाड्या वाटेत तुटतात, निम्मे डबे एका गावाला, निम्मे दुसऱ्या. फलाटावरच्या फलकावर आपला डबा कुठे जाणार ते वाचून मगच चढा. कल्याणला गाडीच्या डोक्यावर 'कसारा' की 'कर्जत' बघायची सवय ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको.

पहिल्या वर्गाचा पास ज्येष्ठांना मोह पाडतो, फरक फार नाही असं वाटतं. रुंद सीट हवी, गुडघे दुखतात, तर घ्या. स्लोव्हेनियातल्या त्या पॅसेंजरसारख्या गाड्यांना मात्र पहिला वर्ग नसतोच, तिथे जास्तीचे पैसे फुकट.

माझ्या नणंदेला पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि लंडन करायचंय. तिला सांगितलं, पास नको, युरोस्टारची तिकिटं आत्ताच काढ, उशीर कराल तितकी महाग होतात. तुमचा बेत माझ्यासारखा असेल तर पासवर वर्षातून अधूनमधून सूट लागते, तेव्हा घेऊन ठेवा, खरेदीपासून ११ महिन्यांच्या आत सुरू केला की झालं. परताव्याची अट घेतानाच वाचा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पास अ‍ॅपमध्ये सुरू करू नका.